चार घरांच्या किल्ल्या

चार घरांच्या किल्ल्या माझ्या एका खिळ्याला.
बोकडेची पितळी, मानेवाड्याची.
मेश्रामची इंदोऱ्याची, निळ्या दोऱ्याची.
हरकिशनच्या किल्लीला तीन किल्ल्यांची सोबत,
जरीपटक्यात तो फ्रीजलाही कुलूप लावतो.
परातेची साधी. म्हणाला,
नाही फिरली तर दार थोडं उचलून धर.

अजनी शेडमध्ये एकतीस वर्षं इंजिनं उघडली आम्ही पाचांनी.
पासावर कन्याकुमारी पाहिली, जम्मू पाहिलं.
देशाबाहेर मात्र नाही,
आपले रूळ सरहद्दीशी संपतात.
म्हणून एर्टिगा. म्हणून नेपाळ.
बायका आपापल्या लेकींकडे, पुण्याला, भिलाईला.
मधली सीट माझी होती.
मी म्हणालो, मला घाटात गाडी लागते.
खरं तर माणशी बावीस हजार ऐकलं
तेव्हाच लागली होती,
बर्डीवर, सपाट रस्त्यात, पायी चालताना.

तर मी स्कूटरवर पाणी घालत फिरतो.
मानेवाड्यात जास्वंद,
इंदोऱ्यात कुंडीतला पिंपळ,
जरीपटक्यात दोन मासे:
चिमूटभर दाणे, दिवसातून एकदा, जास्त नाही,
असं हरकिशनने कागदावर लिहून ठेवलंय.
परातेकडे काहीच नाही.
त्याच्याकडे मी नुसता बसून येतो.

मंगळवारी रात्री बोकडेचा फोन.
‘अबे, डोंगरच खाली येऊन राहिला ना इथं!
पुढं रस्ता नाही, मागं ट्रक उभे.
पाणी असं पडून राहिलं
जसा कोणी वरून टँकर उलटा केला.’
मागून हरकिशन:
‘हॉटेलचे पैसे वापस भेटते का, विचार त्याले.’
मग खरखर.
मग काहीच नाही.

मुगलिंग. आयुष्यात नाव ऐकलं नव्हतं.
झिरो माइलच्या दगडावर जाऊन पाहिलं,
तिथून ते किती लांब, लिहिलेलं नाही.
फोनमध्ये नागपूरचं हवामान काढून
त्या गावाचं लावलं:
ढग, खाली तीन तिरके थेंब.
दर तासाला उघडावं, तर तेच तीन थेंब.
इथे छत्तीस. आभाळ
घासून पालथं ठेवलेल्या ताटासारखं कोरडं.
आणि मी छत्री घेऊन घराबाहेर पडलो.
कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला,
काका, कायले?

दुसऱ्या रात्री चारही घरी जाऊन दिवे लावून आलो.
शेडमध्ये बाहेर गेलेलं इंजिन परतेपर्यंत
त्याच्या लाइनीवरचा बल्ब कोणी बंद करत नसे.
नियम नव्हता तसा. कोणी करत नसे, एवढंच.
परातेचं दार उचलून धरलं तेव्हा
किती जड असतं एका माणसाचं घर ते कळलं.
माशांना दोन चिमटी जास्त टाकल्या.
तीही कदाचित काळजीच असेल.

रविवारी आले. काठमांडू न पाहता,
चिखलाचे बूट पोत्यात बांधून.
बोलायला लागले तर चौघं एकदम:
त्रेपन्न तास, ती मक्याची कणसं देणारी बाई,
संत्रा बर्फीचा शेवटचा तुकडा चार जागी तोडला,
मेश्राम ट्रकवाल्यांना शिट्टी मारून रांगेत लावत होता,
जसा यार्डात लावायचा.
त्या शिट्टीवर सगळे हसले.
मीही हसलो, अर्धा सेकंद उशिरा.

पराते माझ्याकडे वळला.
‘बरं झालं बे, तू नाही आला.
त्या मधल्या सीटवर आळीपाळीनं पाय लांब केले,
दोन-दोन तास, घड्याळ लावून.
तू असता तर मेलो असतो.’

किल्ल्या एकेक करून गेल्या.
खिळ्याभोवती भिंतीवर
एक काळपट अर्धगोल राहिला.
मी त्यावर छत्री अडकवली.

तेवढ्यात जरीपटक्याहून फोन:
‘खरं सांग,
हे मासे इतके जाडे कसे झाले?’